जुना भाव

लोटन टेलरचा नातू हितेंद्र
भर दुपारी दारात, चप्पल न काढता,
मोबाइल माझ्या चष्म्याला टेकवून:
"तुमना आप्पानी आमना आजाले फसाडं."

पडद्यावर एक हिरवी रेघ.
ती त्याने बोटाने मागे सरकवली,
उलगडलेला तागा पुन्हा गुंडाळावा तशी,
थेट चौऱ्याऐंशीच्या मार्चपर्यंत.
तिथे भाव: सहा रुपये.
आणि बगलेतल्या वहीत आजोबाचं तिरपं अक्षर:
आप्पांकडून शेअर दहा, दर १२०, रोख दिले.

वीसपट, म्हणाला.
दोंडाईच्याच्या मिरचीतसुद्धा
इतकं पाणी कोणी मारत नाही.

मी त्याला आधी बसवलं.
आप्पा मार्केटात तोलार होते, चाळीस वर्षं.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास रोखून उभे राहायचे,
ठसका आला तरी गिळायचे.
रात्री पॅसेंजरने आलेल्या शिळ्या पेपरातून
एकाच कंपनीचा भाव डायरीत उतरवायचे.
त्या दिवशीचा आकडा मी दाखवला. १२०.
तो म्हणाला, डायरी तर तुमचीच.

मग म्हटलं, सुरतेकडचा मण किती किलोचा?
वीस.
मणाचा भाव तू किलोने वाचतोयस, बाबा.
एका शेअरवर कंपनीने एक फुकट दिला,
मग दहाच्या कागदाचे दोन-दोनचे पाच केले,
मग पुन्हा एकावर एक.
एकाचे झाले वीस.
आणि रेघ सलग दिसावी म्हणून
मशीन मागे मागे जात
होऊन गेलेल्या प्रत्येक दिवसाला वीसने भागतं.
दहा गुणिले एकशेवीस,
दोनशे गुणिले सहा,
कर बेरीज, बाराशेच.
फक्त त्या मार्चात सहा रुपये घेऊन
कोणी दलालाकडे गेलं असतं
तर त्याने चहा पाजून परत पाठवलं असतं.

तुझ्या आजाच्या दहाचे दोनशे असतील आता.
कुठे आहेत?

अंगठा रेघेवरच थांबला.
होता एक जाड कागद, म्हणाला,
मशीनच्या खणात.
आजा कॉलरचे बेत कापायचा तसल्या कागदाचे.
आणि उठला. वही इथेच राहिली.

तो गेल्यावर माझ्या मोबाइलवर
मीच ती रेघ सरकवत बसले.
नव्व्याण्णवचा ऑगस्ट.
पेपरात काल नऊशे, आज एकशेऐंशी.
आप्पा पेपर घडी न घालता ओट्यावर ठेवून
आत गेले, भिंतीकडे तोंड करून निजले.
"गयं समदं," एवढंच.
आईने वाढलेली खिचडी सकाळी शेळीने खाल्ली.
कंपनीचं पत्र यायला आठ दिवस लागले.
त्या आठवड्यात ते एका पोत्यात दोन किलो चुकले,
उभ्या हयातीत एकदाच,
आणि पदरचे पैसे भरून आले.

रेघेवर बघितलं:
काल नव्वद, आज नव्वद.
साधी सुरकुतीही नाही.

चूक नाहीच ती. भाव पडलाच नव्हता.
माणूस मात्र पडून होता, आठ रात्री,
या घरात, या भिंतीकडे तोंड करून.

डायरीत ते पान काढलं.
९००. खाली १८०, पेन्सिलीचं टोक मोडेल इतकं दाबून.
शेजारी, वेगळ्या शाईत, नंतर लिहिलेलं:
तुकडे केले. माल तेवढाच.
नऊशे खोडलेले नाहीत.

रात्री दहाला फोन वाजला.
मागे खण उघडल्या-मिटल्याचा आवाज.
"मावशी, कागद भेटी गया,
पन त्याना कोपरा कापेल शे. चाली का?"

मी म्हटलं, कोपरा शोध.